उलट टाका

इवारनं पाहिलंय, म्हणून त्यानं प्रोग्राम लिहायचा नाही.
मारिकानं लिहायचाय, म्हणून तिनं पाहायचं नाही.
मधल्या टेबलाशी मी, वकील,
हातात लाल पेन, पायात दोन-दोन मोजे.
खिडकीबाहेर विल्यांदीचं तळं गोठलेलं.

भांडण एका विणयंत्राचं.
यंत्र लेइडाचं. पावती आहे, पिवळी, शिक्क्यासकट.
सुया तिच्या, तेल तिचं, लोकर शेजारच्या मेंढ्यांची.
फक्त आतली अक्कल तिची नव्हे,
ती म्हणे वापरायला दिलेली.
ज्या कंपनीनं दिली ती विकली गेली,
जिनं विकत घेतली ती म्हणते, नवं यंत्र घ्या.
करारातलं कलम चौदा:
उघडणार नाही, उसवणार नाही, उलटून पाहणार नाही.

लेइडानं चष्मा काढला.
"चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईचा हातमोजा बघून
टाके मोजत शिकलो आम्ही. ते काय होतं?"
ते पाहणं होतं, मी म्हटलं.
"आणि आतून उलटा करून पाहिला असता तर?"
मग तो तुझा असायला हवा.
"माझाच आहे," ती म्हणाली,
बोट यंत्राकडे.

कायदा तसा अगदीच आडमुठा नाही.
चालत्या यंत्राकडे पाहता येतं, हवा तितका वेळ.
उघडताही येतं, पण जोडून घेण्यापुरतंच,
आणि हे पुरतंच कुठवर पुरतं
ते न्यायाधीश सांगतात,
नंतर,
उघडून झाल्यावर.

म्हणून या दोन खोल्या.
इवार कागदावर लिहितो, काय होतं:
दोनशेव्या सुईशी गाडी थांबते, मग वळते.
कसं थांबवतात, ते नाही.
मी वाचते. कसंचा वास येईल ती ओळ खोडते.
उरलेलं दाराखालून सरकवते.

नवराबायको आहेत ते, नऊ वर्षं.
जेवताना बिटाबद्दल बोलतात,
खारवलेल्या माशाबद्दल,
रस्त्यावरच्या बर्फाबद्दल फारच सविस्तर.

फेब्रुवारीत मारिका आली, कोट न काढता उभी राहिली.
"तो झोपेत बोलतो."
काय बोलला?
"आकडा."
मी पेन उचललं. ठेवलं. परत उचललं.
सांगू नकोस, म्हटलं, मलासुद्धा.
नोंदवहीत लिहिलं: रात्री तीन वाजून दहा मिनिटं.
झोपेत. ऐकू आला. वापरला नाही.

त्या रात्रीपासून ती गिरणीतच झोपू लागली,
लोकरीच्या गाठोड्यांना टेकून.
इवारला कारण सांगायचं नाही,
हेही मीच ठरवलं.

पण ऐकलेलं परत न ऐकलेलं कसं करायचं
हे कुठल्याच कलमात नाही.
उसवलेल्या लोकरीलाही टाक्यांचे बाक राहतात,
वाफ दिल्याशिवाय जात नाहीत,
कधी दिल्यावरही नाहीत.

तो आकडा मारिकानं स्वतः शोधला.
अकरा दिवस. यंत्र चालवून, घड्याळ लावून,
एकेक चुकीचा आकडा आधी.
बरोबर आकड्यापाशी ती मुद्दाम उशिरा पोचली
असं मला वाटतं.
हे मी नोंदवलेलं नाही.

एप्रिलात यंत्रानं पहिला हातमोजा विणला.
लेइडानं तो हातात घालण्याआधी उलटा केला,
आतले धागे नखानं चाचपले,
"चालेल," म्हणाली,
आणि एक गाठ दातानं तोडली.

सुनावणी सोळा जूनला.
समोरचा वकील नोंदवही मागणार, मागायलाच हवी,
मी असते तर मीही मागितली असती.
पान सत्तेचाळीस तो उभा राहून वाचेल,
सावकाश, तारखेसकट.
तिसऱ्या बाकावर इवार असेल, इस्त्रीचा शर्ट घालून.
आपण झोपेत बोलतो
हे त्याला तेव्हा कळेल.